पदवी विद्यापीठाची, माती तालमीची
कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरम् इथं विठ्ठल-रुक्मिणीच्या देवळात तमिळ गळ्यातून मराठी अभंग ऐकू आला की क्षणभर कानांवर विश्वास बसत नाही. अभंग त्या मुलखात रुजवला तो विद्यापीठांनी नव्हे, भजनी मंडळ्यांनी; गळ्यातून गळ्यात. खेळाचंही तसंच असतं. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ घ्या. 1914 साली वैद्य बंधूंनी सुरू केलेला हा आखाडा. 1936च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या पथकानं तिथं देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. पुढं मंडळानं शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं; ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहे. पदवी विद्यापीठाची, माती मंडळाची. ही वाटणी मला शहाणपणाची वाटते. एरंडेल चोळलेल्या मल्लखांबावर घसरताना मांडी कुठं आवळायची, हे पुस्तक वाचून येत नाही. त्याला खाली उभा राहून वेळेवर हात देणारा वस्ताद लागतो. उलट दुखावलेल्या गुडघ्याचं शास्त्र आणि पोराला नोकरीच्या दारापर्यंत नेणारा कागद तालमीकडे नसतो. म्हणून दोघांनी एकमेकांचा हात धरायचा. पण कित्येक ठिकाणी पाच वाजले की विद्यापीठाच्या क्रीडासंकुलाला कुलूप लागतं आणि शेजारच्या वस्तीतली पोरं रस्त्याकडेला जोर काढत बसतात. सामंजस्य करारावर सह्या सावकाश करा. आधी संध्याकाळी दोन तास ते कुलूप तेवढं काढा.