व्याख्येची कात्री

कमरेखालचे अंग धुवायला दुसऱ्याचा हात लागत असेल, तर २ गुण. खांद्यापासून कमरेपर्यंतचे अंग धुवायला लागत असेल, तर ४. ब्रिटनमध्ये अपंगांना मिळणाऱ्या 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट' या भत्त्याची, म्हणजे 'पिप'ची, ही गुणपद्धत आहे. स्वयंपाक, जेवण, अंघोळ, कपडे, शौच अशी रोजची १० कामे तपासली जातात आणि त्यांत मिळून ८ गुण भरले की भत्ता सुरू होतो. १८ मार्च २०२५ रोजी तिथल्या मजूर पक्षाच्या सरकारने सुचवले की यापुढे ८ गुणांवर भागणार नाही; किमान एका कामात एकदम ४ गुण हवेत. अंघोळ, कपडे, स्वयंपाक आणि शौच या चारही ठिकाणी दोन-दोन गुणांची अडचण असलेल्या माणसाचे आयुष्य अवघड आहे, हे कालपर्यंत सरकारलाही मान्य होते. नव्या नियमाने त्याचे अवघडपण कागदावरून पुसले जाणार होते. त्याच्या शरीरात काहीच बदललेले नव्हते.

त्यानंतरचे काही महिने ब्रिटनमधल्या अपंगांनी कसे काढले, हे समजायला तिथल्या खाकी पाकिटाची भीती समजली पाहिजे. भत्ते देणाऱ्या खात्याचे पत्र खाकी पाकिटातून येते. दाराच्या फटीतून ते आत पडले की फेरतपासणीची वेळ आली का, भत्ता थांबला का, या धास्तीने पाकीट उघडायला हात धजत नाही. असे सांगणारे लोक तिथे गावोगाव भेटतात. ही भीती मनाचे खेळ नव्हे. ती अनुभवातून आलेली आहे आणि तो अनुभव चार शतकांचा आहे.

१६०१ च्या इंग्लंडमधल्या 'पुअर लॉ'ने लंगडे, आंधळे, म्हातारे, काम न होणारे असे लोक गावाच्या खर्चाने पोसावेत असे ठरवले. त्याच क्षणी एक प्रश्न जन्माला आला: कोणाच्याने खरोखर काम होत नाही आणि कोण सोंग करतो? १८३४ च्या कायद्याने त्याचे उत्तर कठोरपणे दिले. मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत गरीब मजुराहूनही हलाखीची राहिली पाहिजे, असे तत्त्व ठरले आणि मदत 'वर्कहाऊस'च्या भिंतीआड गेली. आत यायची तयारी हाच गरजेचा पुरावा मानला गेला.

हेच तत्त्व आपल्या दख्खनमध्येही उतरले. १८७३-७४ च्या बिहारच्या दुष्काळात इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी सढळ हाताने धान्य आणले, माणसे वाचवली, आणि उधळपट्टी केली म्हणून टीका झेलली. १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी त्यांनाच दुष्काळी भागात काटकसर करायला पाठवले. टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरेसे ठरवले. मुंबई इलाख्यात उपाशी मजुरांनी कामे सोडून या कपातीला विरोध केला, आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. माणसाला किती अन्न लागते, याचे उत्तर पोटाऐवजी तिजोरीने दिले की काय होते, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले आहे.

ब्रिटनमध्ये ही चौकट मोडली ती अपंगांनी स्वतः. १९२० च्या एप्रिलमध्ये न्यूपोर्ट, मँचेस्टर आणि लीड्सहून दीडशेहून अधिक अंध कामगार पायी निघाले आणि सुमारे तीन आठवड्यांनी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात पोहोचले. दान नको, न्याय हवा, ही त्यांची मागणी होती. त्याच वर्षी अंधांसाठीचा कायदा झाला आणि त्यांना ७० ऐवजी ५० व्या वर्षी पेन्शन मिळू लागली. १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने सामाजिक विम्याची योजना मांडल्यावर आणि १९४८ मध्ये 'पुअर लॉ' रद्द झाल्यावर वाटले, की आता हा प्रश्न मिटला. पण नवी व्यवस्था पगारातून विमा भरणाऱ्यांची होती. घर चालवणारी, कधी नोकरी न केलेली बाई आजाराने अपंग झाली, तर तिच्या हाती काहीच पडत नव्हते. मेगन द्यू ब्वासाँ अशीच एक गृहिणी, मल्टिपल स्क्लेरोसिसने ग्रासलेली. १९६५ मध्ये तिने एका मैत्रिणीसह 'गार्डियन'ला पत्र लिहिले, त्यातून अपंगांची संघटना उभी राहिली. १९६९ मध्ये संघटनेच्याच सभेला जाताना मोटार अपघातात ती गेली. १९७१ मध्ये विमा न भरलेल्यांनाही मिळणारा शुश्रूषा भत्ता सुरू झाला. अपंगत्वामुळे वाढणारा खर्च समाजाने उचलायचा, ही कल्पना त्यातून रुजली. आजचा पिप तिचाच वारस आहे. म्हणून तो नोकरी करणाऱ्यालाही मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

उलटी चाल सुरू झाली ती हिशेबाच्या वहीतून. २०१० मध्ये सरकारने आधी ठरवले, की कामाच्या वयातल्या अपंगांच्या भत्त्यावरचा खर्च २० टक्क्यांनी उतरला पाहिजे. नवे निकष मागाहून आले. २०१३ मध्ये पिप आला. पूर्वी चालण्याच्या अडचणीसाठी व्यवहारात ५० मीटरचा दंडक होता, आता वरच्या दराच्या भत्त्यासाठी तो २० मीटर झाला. क्रिकेटची खेळपट्टी साधारण एवढ्याच लांबीची असते. ती ओलांडून चार पावले पुढे जाता आले, की माणूस चालू शकतो! हजारो लोकांना भत्त्याच्या आधारावर घेतलेली गाडी परत करावी लागली. अपिलात गेलेल्यांपैकी तीनांत दोघांच्या आसपास जिंकत राहिले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने ब्रिटनमध्ये अपंगांच्या हक्कांचे गंभीर किंवा पद्धतशीर उल्लंघन झाल्याचा निष्कर्ष काढला. आणि ज्या बचतीसाठी हे सगळे केले, ती बचत झालीच नाही. गरज कायम होती, ती दुसऱ्या दाराने परत आली.

२०२५ मध्ये सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. कोविडनंतर दावे झपाट्याने वाढले, त्यांत तरुण आणि मानसिक आजारांचे रुग्ण बरेच होते, खर्च चढत होता. पण रुग्ण वाढले तर आधी आजार का वाढला, दवाखान्यात नंबर का लागत नाही, हे विचारायला हवे. सरकारने वर्षाला सुमारे ५ अब्ज पौंड वाचवायचे ठरवले आणि गुणांची अट घट्ट केली. त्याच्याच अंदाजाने अडीच लाख माणसे गरिबीत ढकलली जाणार होती, त्यांत ५० हजार मुले. सत्ताधारी पक्षाच्याच शंभराहून अधिक खासदारांनी विरोधाची सूचना मांडली. १ जुलैला मतदानाच्या काही तास आधी सरकारला ४ गुणांची अट विधेयकातून काढावी लागली. तरी सगळे टळले नाही. काम करता न येणाऱ्यांना 'युनिव्हर्सल क्रेडिट'मध्ये मिळणारी आरोग्याची जादा रक्कम एप्रिल २०२६ पासून बहुतेक नव्या अर्जदारांसाठी आठवड्याला ९७ पौंडांवरून ५० वर आली. पिपच्या निकषांचे भवितव्य आता मंत्री सर स्टीफन टिम्स यांच्या आढाव्यावर सोपवले आहे.

आपण हे परक्याचे दुखणे म्हणून वाचू नये. आपल्याकडे कपात गाजावाजा न करता होते. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत केंद्राचा वाटा २०१२ पासून महिना ३०० रुपयेच आहे. तेरा-चौदा वर्षांत महागाईने ते कितीदा कापले, हे किराणा भरणाऱ्याला विचारावे. महाराष्ट्राने संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे अनुदान २०२५ मध्ये २,५०० रुपये केले, हे चांगलेच केले. पण व्याख्येची कात्री इथेही आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा ४० टक्के अपंगत्वाला ओळख देतो, केंद्राची ही पेन्शन मात्र ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेखालचे कुटुंब असल्याशिवाय मिळत नाही. ७० टक्के अपंगत्वाचा दाखला हातात असलेला माणूस कायद्याच्या नजरेत अपंग आहे, तिजोरीच्या नजरेत नाही.

इतिहासाचा धडा सरळ आहे. जेव्हा रक्कम आधी ठरते आणि माणूस मागाहून मोजला जातो, तेव्हा माणूसच कमी भरतो. १८७७ मध्ये ते धान्याच्या पौंडात झाले, २०१३ मध्ये मीटरमध्ये, २०२५ मध्ये गुणांत. आणि व्यवस्था जेव्हा जेव्हा सुधारली, तेव्हा तिच्या मुळाशी अपंगांनी स्वतः सांगितलेली गरज होती. टिम्स यांच्या आढाव्यात अपंगांच्या संघटनांना सहभागी करून घेण्याचे आश्वासन सरकारने दिले आहे. ते आश्वासन खरे की शोभेचे, हे एका गोष्टीवरून ओळखता येईल: खर्चाचा आकडा आधी बांधून त्यांना निकष लिहायला बसवले जाते, की त्यांची गरज ऐकून आकडा मांडला जातो. दिल्ली आणि मुंबईतल्या मंत्रालयांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. आपली अंघोळ कशी होते, हे ज्याला ती रोज दुसऱ्याच्या हातांनी करून घ्यावी लागते, त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.