निनावी कार्डाचा धनी

मागें एकदां सायंकाळीं आमच्या घरचीं मुलें गच्चीवरून धांवत खालीं आलीं. पश्चिमेस म्हणे नवा तारा निघाला होता! वर जाऊन पाहतों तों शुक्र. मुलें हिरमुसलीं, परंतु जुने तारे ज्याच्या ओळखीचे नाहींत त्याला नवा कसा ओळखूं यावा? त्या रात्रीं मीं त्यांना अँडरसनची गोष्ट सांगितली, तीच वाचकांसही सांगतों.

थॉमस डेव्हिड अँडरसन हा एडिंबरोचा राहणारा. शिक्षण धर्मोपदेशकाचें, पण मन सारें आकाशांत. इ. स. १८९२ च्या जानेवारीअखेर सारथि-पुंजांत पांचव्या प्रतीचा एक तारा त्याच्या दृष्टीस पडला. हा शेजारचा ओळखीचाच तारा, अशी त्यानें आठवडाभर स्वतःची समजूत घातली. मग लहानशी दुर्बीण व नकाशा घेऊन ताडून पाहतां नकाशांत त्या जागीं कांहींच नाहीं! आपलें हंसें होईल अशी भीति त्याला वाटली असावी. त्यानें स्कॉटलंडच्या राजज्योतिषास एक कार्ड धाडलें, पण खालीं सही केली नाहीं. कार्ड खरें ठरलें. पुढें हार्वर्ड वेधशाळेंतील जुन्या कांचा काढून पाहिल्या, तों त्यांवर तो तारा डिसेंबरपासून उमटलेला होता. छायाचित्र तयार होतें. तें पाहणारें मात्र कोणी नव्हतें.

‘नवतारा’ हें नांवच फसवें आहे. तारा जुनाच असतो. दोन तारे एकमेकांभोंवतीं फिरत असतात. त्यांपैकीं एक विझत आलेला, आकारानें पृथ्वीएवढा पण वजनानें सूर्याच्या तोडीचा. तो आपल्या जोडीदाराचा हायड्रोजन ओढून घेत राहतो, आणि सांठा पुरेसा झाला कीं पृष्ठभागावर स्फोट होतो. सांठण्यास शतकें लागतात, भडकण्यास एखादा दिवस!

ता. २२ फेब्रुवारी १९०१ च्या पहांटे, पावणेतीनच्या सुमारास, निजण्यापूर्वीं अँडरसननें सहज आकाशाकडे नजर टाकली. ययाति-पुंजांत तिसऱ्या प्रतीचा एक परका तारा! या वेळीं आठवडा दवडला नाहीं. त्यानें त्याच दिवशीं वेधशाळेस कळविलें. ब्रायटनच्या एका हौशी ज्योतिषानें २८ तासांपूर्वींच तेवढ्याच भागाचें छायाचित्र घेतलें होतें. त्यांत बाराव्या प्रतीपर्यंतचे तारे होते, हा नव्हता. म्हणजे सव्वा दिवसांत तेज निदान पांच हजार पटींनीं वाढलें. दुसऱ्या दिवशीं तो जवळजवळ ब्रह्महृदयाइतका झळकला आणि दोन आठवड्यांत तिसऱ्या प्रतीपर्यंत उतरला.

आतां हें काम यंत्रें करतात. कॅलिफोर्नियांत पालोमार पर्वतावर इ. स. २०१८ पासून एका विशाल कॅमेऱ्यानें आकाश टिपून कालच्या चित्रांतून जुनें चित्र वजा करण्यास आरंभ झाला. उरेल तो आगंतुक. एका रात्रींत सूचना लाखांच्या घरांत जातात, आणि त्यांत आमच्या शुक्रासारखे ठकविणारे पुष्कळ! मग खऱ्याचा पाठलाग करावयाचा. पण तिकडे पहांट होते. नेमक्या त्याच वेळीं लडाखांत हानले येथें सांज होते. तेथील ७० सेंटिमीटर आरशाची दुर्बीण पवईची आय. आय. टी. व बंगळूरची खगोलभौतिकी संस्था यांनीं याच कामासाठीं उभारली आहे. कांहीं स्फोट दोन-तीन दिवसांत शिगेस पोंचतात, म्हणून ही घाई.

उत्तर मुकुटांतील एक तारा १८६६ व १९४६ सालीं भडकला होता. दोहोंमध्यें ८० वर्षांचें अंतर. म्हणून ज्योतिषी त्याच्यावर नजर ठेवून असतात. तो कांहीं तासांतच उजळतो व आठवड्याभरांत नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो. उन्हाळ्याच्या रात्रीं डोक्यावर येणारी त्या पुंजाची अर्धगोल ओळ आमच्या मुलांनीं पाठ केली आहे. धाकटी तर तिच्यांतले तारे बोटांवर मोजल्याखेरीज निजत नाहीं, आणि मोजणी चुकली कीं आजीला उठवून पुन्हा मोजावयास लावते.