आईला न येणारी डिश

पहिल्यांदा स्वयंपाक करायला घेणारी मंडळी एक गोष्ट हमखास करतात. ती वरण-भात लावतात. किंवा बटाट्याची भाजी. किंवा थेट रविवारचा रस्सा!

आता यात गैर काहीच नाही. पण होतं काय, की पहिला घास तोंडात जातो आणि डोक्यातला परीक्षक खाडकन जागा होतो. ‘आईसारखं नाही झालं.’ झालं, विषय संपला! ज्या बाईने पंचवीस-तीस वर्षं रोज दोन वेळा फोडणी दिली, तिच्याशी आपण पहिल्याच दिवशी मॅच खेळायला उतरतो आणि सपशेल हरतो. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच... ऑफिसातून निघताना ॲप उघडायचं, दारावरची बेल वाजली की पिशवी घ्यायची आणि लॅपटॉपसमोर बसून प्लॅस्टिकच्या डब्यातून जेवायचं. स्वतः भाडं भरत असलेल्या घरात आपण पाहुण्यासारखे राहतो.

म्हणून माझा फंडा सिम्पल आहे. पहिली डिश अशी निवडायची, जी आईला येत नाही. तुलनेची भानगडच नाही! आणि ती अशी हवी, की करता करता स्वयंपाकातल्या दोन-चार पक्क्या गोष्टी हाताला लागतील. माझ्या मते ही डिश म्हणजे खिम्याचा क्रीमी पास्ता. एक कढई, एक पातेलं आणि पाऊण तास. बस्स.

बीफचं काय?

मूळ डिश बीफची आहे, हे आधी सांगून टाकते. बीफचा खिमा, पास्ता आणि दुधा-चीजचा सॉस हे अमेरिकन घरातलं आठवड्यातल्या कुठल्याही थकलेल्या संध्याकाळचं जेवण. तिथे १९७१ साली ‘हॅम्बर्गर हेल्पर’ नावाचं खोकं देशभर बाजारात आलं. खोक्यात पास्ता आणि सॉसची पावडर, आपण फक्त पाऊंडभर खिमा आणायचा आणि सगळं एकाच पॅनमध्ये शिजवायचं. थोडक्यात, कामावरून दमून येणाऱ्यांचा प्रॉब्लेम काही आपल्याच पिढीने शोधलेला नाही!

आपल्याकडे महाराष्ट्रात गाईबरोबरच बैल आणि वळूच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे. म्हशी-रेड्याचं मांस त्या बंदीत येत नाही, त्यामुळे ज्याला आपण ‘बड्याचं’ म्हणतो ते मिळतं. खाणारे खातात, न खाणारे खात नाहीत. तुमचं तुम्ही ठरवा. ऑनसाइटवर गेलेल्या आणि तिथे बीफ खाणाऱ्या मंडळींना सुपरमार्केटमध्ये ‘८०/२०’ लिहिलेलं पाकीट दिसेल. म्हणजे ८० टक्के मांस आणि २० टक्के चरबी. या डिशला ते झकास.

बाकी आपण सगळे मटणाच्या खिम्याकडे वळू या. चवीला जास्त तिखट स्वभावाचा, शिजायला थोडा हट्टी, पण क्रीमबरोबर त्याचं मस्त जमतं. चिकनचा खिमाही चालेल, फक्त तो लवकर शिजतो आणि लवकर कोरडाही पडतो. आणि घरमालकाने ॲग्रीमेंटच्या वेळीच ‘नॉनव्हेज चालणार नाही’ असं बजावलं असेल, तर ३०० ग्रॅम मशरूम बारीक चिरून घ्या. पुढची कृती बरीचशी तीच.

खरेदी

दोन जणांसाठी, किंवा एकट्यासाठी आणि उद्याच्या डब्यासाठी:

खिमा २५० ग्रॅम. पेने किंवा फुसिली पास्ता २०० ग्रॅम. एक मोठा कांदा, लसणाच्या ५-६ पाकळ्या, दोन लालबुंद टोमॅटो. फ्रेश क्रीम १०० मिलि, म्हणजे २०० मिलिच्या छोट्या पॅकमधलं निम्मं. प्रोसेस्ड चीजचे दोन क्यूब. एक मोठा चमचा तेल, मीठ आणि मिरपूड. ओरेगॅनो आणि चिली फ्लेक्स विकत आणू नका! पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या तुमच्या फ्रीजवर नाहीतर ड्रॉवरमध्ये पडलेल्या आहेत, मला माहितीये.

पास्त्याच्या पाकिटावर ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ लिहिलेलं बघा. ड्युरम म्हणजे कडक दाण्याचा गहू, आपल्या बन्सी गव्हाच्या जातकुळीतला. त्याच्या रव्याचा पास्ता शिजूनही ताठ उभा राहतो. मैद्याचा पास्ता जरा दुर्लक्ष झालं, की लापशी!

खिमा मटणवाल्याकडून समोर काढून घ्या आणि शक्यतो त्याच दिवशी शिजवा. अख्ख्या मांसाच्या फक्त बाहेरच्या बाजूला हवा आणि हात लागलेले असतात. खिम्यात ती बाहेरची बाजू आतपर्यंत मिसळते. म्हणून तो लवकर खराब होतो आणि म्हणूनच तो अर्धाकच्चा खायचा नसतो. फ्रीजमध्ये फार तर एक-दोन दिवस. धुतल्याशिवाय चैन पडत नसेल, तर बारीक गाळणीत धुवा आणि हाताने दाबून सगळं पाणी काढून टाका. का, ते आता सांगते.

कान उघडे ठेवा

नवशिक्याचा खिमा करडा आणि बेचव होतो, त्याचं एकच कारण असतं: घाई. कढईत खिमा पडला रे पडला, की आपण उलथनं घेऊन तो ढवळत बसतो.

असं करा. कढई चांगली तापू द्या. तेल घाला, खिमा टाका, पसरा. आणि हात मागे! दोन-तीन मिनिटं काही करायचं नाही. खिम्याला पाणी सुटेल आणि फसफस असा ओला आवाज येईल. घाबरू नका, वाट बघा. कढईत पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, म्हणजे खिमा उकडत असतो. पाणी आटलं की आवाज बदलतो. फसफस थांबून कोरडी चरचर सुरू होते. आता तळाला तपकिरी रंग धरायला लागेल, खमंग वास सुटेल. आता ढवळा, गुठळ्या फोडा, पुन्हा पसरा, पुन्हा थांबा.

या तपकिरी रंगाला सायन्समध्ये नाव आहे. मायार रिॲक्शन. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार याने १९१२ साली ही क्रिया मांडली. प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साखर उष्णतेने एकमेकांत मिसळून शेकडो नव्या चवी तयार होतात. भाकरीवरचे डाग, भाजलेले शेंगदाणे, कॉफी, सगळीकडे हीच करामत. त्यामुळे पहिली दहा मिनिटं पेशन्स ठेवलात, तर मसाल्याचा डबा उघडायचीही गरज पडत नाही.

मग बारीक चिरलेला कांदा, तो मऊ झाला की लसूण. लसूण शेवटी, कारण तो पटकन जळतो आणि कडू होतो. अर्ध्या मिनिटाने किसलेले किंवा मिक्सरमधून काढलेले टोमॅटो आणि अर्धा चमचा मीठ. तळाला चिकटलेला तपकिरी थर टोमॅटोच्या पाण्यात सुटतो, तो उलथन्याने खरवडून घ्या. करपलेलं नाहीये ते, सगळी चव तिथेच आहे! मग अर्धा कप पाणी घाला, झाकण ठेवा आणि गॅस बारीक.

मटणाच्या किंवा बड्याच्या खिम्याला साधारण २५ मिनिटं द्या. ‘८०/२०’च्या बीफला १५, चिकनला १०, मशरूमला तेवढीही नकोत. बीफला तेल सुटलेलं दिसलं तर जास्तीचं चमच्याने काढून टाका. घड्याळावर पूर्ण विश्वास ठेवू नका, चिमूटभर खाऊन बघा. दाताखाली रबरासारखं लागलं तर अजून पाच मिनिटं.

एक कप पाण्याची गोष्ट

खिमा झाकणाखाली गेला, की दुसऱ्या शेगडीवर पातेल्यात दोन लिटर पाणी ठेवा. खळखळून उकळलं की एक भरलेला मोठा चमचा मीठ. जास्त वाटतंय? बहुतेक मीठ पाण्याबरोबरच जाणार आहे. मात्र पास्त्याला आतून मीठ लागण्याची ही एकच वेळ असते, नंतर वरून घातलेलं फक्त सॉसला लागतं. पाण्यात तेल घालू नका. ते वर तरंगतं आणि गाळताना पास्त्याला लागून सॉसला घसरवून टाकतं.

पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर पास्ता ९ मिनिटांनी काढा. आणि आता या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: गाळण्याआधी एक कप पाणी बाजूला काढून ठेवा! कॉफीचा मग आत्ताच ओट्यावर ठेवा, म्हणजे विसरणार नाही.

त्या गढूळ दिसणाऱ्या पाण्यात पास्त्यातून सुटलेला स्टार्च असतो. तेल आणि पाणी एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. स्टार्च मध्ये पडला की दोघं नांदतात, आणि सॉस दाट, गुळगुळीत, पास्त्याला धरून राहणारा होतो. रेस्टॉरंटमध्ये ज्याला आपण ‘किती क्रीमी!’ म्हणतो, त्यात बरेचदा अर्धा वाटा या फुकटच्या पाण्याचा असतो. घरी नेमकं तेच बेसिनमध्ये ओतून टाकलं जातं आणि मग कोरड्या पास्त्यावर क्रीमचं अख्खं पाकीट रिकामं होतं. पोट जड, चव गायब.

आता क्रीम. आपल्याकडे टेट्रापॅकमध्ये मिळणारं साधं फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के फॅटचं असतं. टोमॅटोचा आंबटपणा आणि मोठी आच एकत्र आली की ते फाटतं. म्हणून गॅस अगदी बारीक करा, क्रीम फ्रीजमधून आधीच बाहेर काढून ठेवा आणि दोन-तीन हप्त्यांत घालून ढवळा. मग गाळलेला पास्ता कढईत, त्यावर अर्धा कप राखून ठेवलेलं पाणी, आणि दोन मिनिटं सगळं खालीवर करत राहा. राहिलेली कसर इथे शिजून निघते.

गॅस बंद. किसलेलं चीज घाला. चीजचे शौकीन नाक मुरडतील, पण प्रोसेस्ड क्यूब इथे फिट बसतो. त्यात एकजीव ठेवणारे क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते तार न धरता सॉसमध्ये विरघळतं. मिरपूड, ओरेगॅनो, झालं. सॉस तुम्हाला हवा त्यापेक्षा थोडा पातळच ठेवा, ताटात येईपर्यंत तो आळतो. फार घट्ट झाला तर मगमधलं पाणी आहेच.

‘इटलीत असं करत नाहीत...’

हे वाक्य टाकणारा एक तरी मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. सहसा तो एकदा युरोप टूर करून आलेला असतो. ‘मीटसॉसमध्ये क्रीम? शी!’

त्याला दोन गोष्टी शांतपणे सांगा. पेल्लेग्रिनो आर्तुसी हे इटालियन घरगुती स्वयंपाकाचं मोठं नाव. त्यांचं पुस्तक पहिल्यांदा १८९१ साली निघालं. त्यातल्या बोलोन्या पद्धतीच्या मॅकरोनीच्या कृतीत, चव आणखी नाजूक हवी असेल तर शेवटी अर्धा ग्लास क्रीम घाला, असं ते सुचवतात. आणि १९८२ साली इटालियन पाकअकादमीने बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रागूची, म्हणजे त्यांच्या खिम्याच्या सॉसची, अधिकृत कृती रीतसर जमा केली. तिच्यात चक्क दूध आहे! तेव्हा खिमा आणि दुधा-क्रीमची दोस्ती जुनी आहे. आपला पास्ता बोलोन्याचा नाही, हे कबूल. तसा दावाही कोण करतंय?

उद्याचा डबा, परवाचा फोन

उरलेला पास्ता गार झाला की लगेच डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी दोन चमचे दूध घालून बारीक आचेवर गरम करा, सॉस पुन्हा जिवंत होतो. ऑफिसात मायक्रोवेव्ह असेल तर दूध घालून तिथेच, वाफ निघेपर्यंत. शेजारच्या क्युबिकलमधून ‘कुठून मागवलास?’ असा प्रश्न येईल. उत्तर द्यायला जी मजा येते, ती कुठल्याही डिस्काउंट कूपनात नाही.

हीच डिश महिन्यातून तीन-चारदा करा. मग एक दिवस लक्षात येईल, की आपण घड्याळ बघणं सोडलंय. फसफशीची चरचर कधी झाली ते पाठीमागूनही कळतं. मीठ चमच्याशिवाय पडतं. सॉस कधी थांबवायचा ते त्याच्या रंगावरून समजतं.

त्या दिवशी घरी फोन लावा. तुमच्याकडे खिमा होत असेल तर खिम्याचं विचारा, नाहीतर वरणाचं. ‘आई, तू यात काय काय घालतेस? आणि किती?’

पलीकडून उत्तर येईल, ‘अगं, अंदाजाने.’

आत्तापर्यंत या शब्दावर आपण वैतागायचो. अंदाजाने म्हणजे किती, एक चमचा की दोन? आता मात्र पुढे बोलता येईल. कांदा कितपत लाल करतेस, पाणी आटल्यावर घालतेस की आधी, झाकण कधी काढतेस... आणि पंचवीस-तीस वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे पलीकडची बाई जरा थांबेल आणि मग सविस्तर सांगायला लागेल. वही जवळ ठेवा. फोन लांबणार आहे.