गरम कुंडांची जमाबंदी

कोल्हापुराहून आंबा घाटाने संगमेश्वराकडे उतरणाऱ्यास तुरळ-राजवाडीची गरम कुंडे परिचयाची असतात, आणि अणुस्कुऱ्याच्या वाटेने राजापुरास जाणारा उन्हाळे येथील कुंडात स्नान केल्यावाचून सहसा परतत नाही. केंद्र सरकारने २०२५ साली भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले असल्यामुळे, या कुंडांतून वीज किती निघेल, अशी पृच्छा आता होणारच. परंतु मेगावॉटांचे आकडे मांडण्यापूर्वी त्या पाण्यात काय विरघळले आहे, याची रुजवात सरकारने करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुख्यतः पावसाचेच असलेले हे पाणी भेगाभेगांतून खोल उतरते, दर किलोमीटरास सुमारे पंचवीस-तीस अंशांनी वाढणारी उष्णता ग्रहण करते, फेल्स्पारसारख्या खनिजांतून सोडियम, कॅल्शियम व सिलिका उचलते, आणि त्यांपैकी काही द्रव्य कॅल्साइट किंवा झिओलाइट यांच्या रूपाने त्याच भेगांत पुन्हा ठेवून जाते. काळा पाषाण फोडताना पोकळीत जे पांढरे, क्वचित हिरवट स्फटिक चमकतात, ते अशाच प्राचीन देवघेवीचे अवशेष होत. (राधानगरी-शाहूवाडीच्या पठारांवरील बॉक्साइट हाही पाण्याचाच प्रताप, मात्र तेथे पावसाने सिलिका वाहून नेली आणि ॲल्युमिनियम मागे राहिले.)

या व्यवहारात सिलिकेची साक्ष मोठी मोलाची. पाणी जितके तप्त तितके क्वार्ट्झ अधिक विरघळते, आणि तेच पाणी त्वरेने वर आले तर ती सिलिका खाली बसण्यास अवसर मिळत नाही. म्हणून कुंडाकाठी भरलेल्या बाटलीवरून खोल साठ्याचे तापमान अनुमानता येते. कोकणातील साठ्यांविषयीची अशी अनुमाने बहुधा शंभर अंशांच्या थोडी पलीकडे जातात. तेव्हा १९०४ साली इटलीतील लार्देरेल्लो येथे भूगर्भातील वाफेवर दिवे लागले, तसा प्रकार येथे संभवत नाही, आणि कमी उष्णतेत उकळणारा दुसरा द्रव तापवूनच चक्र फिरवावे लागेल.

खरी मेख पुढेच आहे. विहिरीतून पाणी वर येताना दाब घटतो, कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि कॅल्साइट नळाच्या अंगास बसू लागते; जुन्या तांब्याच्या बंबाच्या तळाशी साचणारा पांढरा थर ज्याने खरवडला आहे, त्यास हे निराळे सांगावयास नको. निवलेले पाणी भूगर्भात परत न सोडावे तर साठ्याचा दाब उतरतो. सोडावे, तर थंडावल्याने सुटी होणारी सिलिका भेगाच बुजविण्याचे भय. हीच रसायनक्रिया आइसलंडात हेल्लिशेइदी येथे उपकारक ठरली: २०१२ पासून तेथील बेसाल्टात पाण्यासह सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बहुतेक अंश दोन वर्षांच्या आत दगड बनला.

आपल्याकडे साधनांची वाण नाही. कोयना परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन, सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टाखालील ग्रॅनाइटापर्यंत पोहोचलेली केंद्र सरकारची प्रयोगशाळा कऱ्हाडास आहे, आणि कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे. या दोहोंकडे प्रत्येक कुंडाचे कायम दप्तर सोपवावे, आणि सिलिका, सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड यांच्या नोंदी श्रावणात व वैशाखात, वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने घेऊन सर्वांस खुल्या ठेवाव्यात. केवळ श्रावणातल्या बाटलीवर भिस्त ठेवू नये, कारण वरचे थंड पाणी मिसळून सिलिका पातळ होते आणि साठा आहे त्याहून थंड भासतो. नमुना मात्र उगमाच्या तोंडाशीच घ्यावा; साबण लावून स्नान करणाऱ्यांच्या कुंडातला घेऊ नये.