पहाऱ्यावरही पहारा हवा

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर चाल करून आलेल्या दहशतवाद्यांचे पाकिस्तानातील सूत्रधारांशी चाललेले संभाषण आपल्या यंत्रणांनी टिपले आणि तेच पुढे कटाचा पुरावा ठरले. राष्ट्राच्या शत्रूंवर पाळत ठेवणे हे शासनाचे कर्तव्य आहे, याविषयी दुमत असूच शकत नाही. प्रश्न आहे तो या अधिकाराला लगाम कोणी घालायचा, हा.

आणीबाणीत स्थानबद्धांची पत्रे सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्यावाचून घरी पोहोचत नसत. ज्या कुटुंबांनी ते दिवस काढले, त्यांना खासगीपणाचे मोल सांगण्याची गरज नाही. आज तर पत्र उघडावेही लागत नाही. कोणी, कोणाला, केव्हा आणि कोठून दूरध्वनी केला, एवढ्या नोंदींवरून माणसाचे मित्र, आजारपण, राजकीय संबंध सारे उघडे पडते. २०१३ साली राज्यसभेतील तत्कालीन विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांच्या अशाच नोंदी बेकायदा मिळविल्याचे उघडकीस आले आणि दिल्ली पोलिसांतील एका शिपायालाही अटक झाली. जेथे विरोधी पक्षनेता सुरक्षित नाही, तेथे सामान्य नागरिकाची काय कथा?

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दूरध्वनी टिपण्यावर बंधने घातली आणि २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तरीही आदेश देतो गृहसचिव आणि त्याची छाननी करते सचिवांचीच समिती. दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या समितीपुढे दर बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश असतात, असे न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात नमूद केले. ही छाननी नव्हे, निव्वळ उपचार होय. १८८५ च्या परकीय तार कायद्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ साली संमत झाला. मात्र स्वतंत्र न्यायिक देखरेखीची तरतूद त्यातही झाली नाही.

सत्तेवर आपल्या विचारांची माणसे आहेत, म्हणून निर्धास्त राहणे हा भाबडेपणा ठरेल. सत्ताधीश बदलतात, त्यांच्या हाती दिलेले अधिकार मात्र कायम राहतात. पाळतीचा प्रत्येक आदेश न्यायाधीशांच्या नजरेखालून जावा आणि त्यांची संख्या दरवर्षी संसदेपुढे मांडली जावी. सुरक्षेला त्याने बाधा येणार नाही. शासनावरील जनतेचा विश्वास मात्र दृढ होईल.