आमचा काळा कातळ

सुमारे 52 कोटी वर्षांपूर्वी आर्किओसायाथस नावाचा स्पंज समुद्रात होता. त्याच्या भाऊबंदांनी चुन्याचे मोठमोठे खडक रचले. पुढे सारा वंशच संपला आणि दगडात ठसे तेवढे उरले. शहापूर-मुरबाडच्या कातळात असा ठसा मिळायचा नाही. माहुली, माळशेजचे डोंगर समुद्रतळाचे नव्हेत; सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाचे आहेत.

म्हणून आपला दगड मुका ठरत नाही. लाव्हाच्या दोन लोटांमधल्या काळात तळी साचत, त्यांत जीव नांदत. वरळीच्या अशाच थरातील बेडकांचे जीवाश्म रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये अभ्यासले. मुंबईच्या तळ्यांतील जिवंत स्पंजांवर डॉ. कार्टर यांनी 1848 मध्ये लिहिले. दोघेही परके, जागा मात्र आपली!

आमच्याकडे कातळ म्हणजे खडी. ती फोडून ज्यांची चूल पेटते त्यांना दोष कसा द्यावा? पण त्यांचीच मुले आज कॉलेजात आहेत. आपल्या भूगोलाच्या सहलीने दूरच्या स्थळांबरोबर जवळची एखादी खाणही पाहावी, दोन थरांमधली माती हाताळावी. सुरुंग लागल्यावर पाहण्याजोगे काही उरत नाही.