दात गाव सांगतात, जात सांगत नाहीत

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारचा अभ्यासवर्ग संपला आणि बारावी सायन्सला असलेला एक मुलगा मोबाईल घेऊन जवळ आला. म्हणाला, "ताई, हे बघा. आता दातावरून कळतं म्हणे माणूस कुठला ते. मग जुन्या हाडांची तपासणी एकदाची करून टाकू या ना. आपण मूळनिवासी आणि ते बाहेरचे, हे सायन्सनंच सिद्ध होईल. वादच मिटला!"

त्याचा उत्साह मला आवडला, निष्कर्ष पटला नाही. त्या दिवशी घाईत नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे. फक्त त्याच्यासाठी नाही, चळवळीतल्या आपल्या सगळ्यांसाठी.

आधी विज्ञान समजून घेऊ. खडकात रुबिडियम नावाचे मूलद्रव्य असते. त्यातला रुबिडियम-८७ हा किरणोत्सारी असून त्याचे हळूहळू स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये रूपांतर होते. हे इतके संथ चालते की अर्धा साठा संपायला सुमारे ४,९०० कोटी वर्षे लागतात. पृथ्वीचे वयच सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. म्हणजे खडक जितका जुना आणि त्यात रुबिडियम जितके जास्त, तितके त्यातले स्ट्रॉन्शियम-८७ चे प्रमाण मोठे. हे प्रमाण स्ट्रॉन्शियम-८६ शी तुलना करून मोजतात.

पृथ्वीच्या कवचाखाली प्रावरण आहे. प्रावरणाचा काही भाग वितळतो तेव्हा रुबिडियम रसाबरोबर सहज वर निघून जाते आणि कवचात साठते. त्यामुळे प्रावरणातून नव्याने आलेल्या खडकात हे प्रमाण कमी, महासागराच्या तळावर साधारण ०.७०३ च्या आसपास असते. समुद्राच्या पाण्यात ते ०.७०९२ आहे. अतिप्राचीन ग्रॅनाइटच्या प्रदेशात ते ०.७२० च्याही पुढे जाते. आकडे दिसायला किरकोळ आहेत, पण यंत्राला हा फरक स्पष्ट कळतो.

खडकातले स्ट्रॉन्शियम मातीत, पाण्यात, पिकात आणि शेवटी आपल्या शरीरात येते. ते कॅल्शियमसारखे वागते, म्हणून हाडात आणि दातात जाऊन बसते. हाड आयुष्यभर झिजते आणि भरते. दाताचे एनॅमल मात्र एकदा बनले की बदलत नाही. पहिली पक्की दाढ जन्मापासून तीन-चार वर्षांत घडते, अक्कलदाढ शाळकरी वयात. म्हणून पहिल्या दाढेत एक आकडा आणि अक्कलदाढेत दुसरा आकडा सापडला, तर त्या मुलाने मधल्या काळात मुलूख बदलला असे समजते. हजारो वर्षांनीही समजते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे तंत्र सिंधू संस्कृतीच्या लोकांवर वापरले गेले आहे. पंजाबातले, आज पाकिस्तानात असलेले हडप्पा आणि हरियाणातले फरमाना इथल्या दफनभूमीतल्या दातांवरचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्ट्रॉन्शियमबरोबर शिशाचे समस्थानिकही तपासले होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संशोधक त्यात सहभागी होते. निष्कर्ष काय निघाला? त्या दफनभूमीत पुरलेले जवळजवळ सगळे लोक तिथे वाढलेलेच नव्हते. ते आसपासच्या दूरवरच्या मुलखांतून, तेही लहानपणी, तिथे आलेले होते. अभ्यासकांनी आणखी तपास हवा असेही म्हटले आहे, आणि ते योग्यच आहे. पण ज्या नगरांकडे बोट दाखवून 'आम्हीच मूळचे' असा दावा दोन्ही बाजूंनी होतो, त्या नगरातली स्मशाने बाहेरून आलेल्यांनी भरलेली निघाली. आता मूळचे कोणाला म्हणायचे?

इथे एक घोळ टाळला पाहिजे. स्ट्रॉन्शियम फक्त त्या एका माणसाचे बालपण कुठे गेले एवढेच सांगते. त्याचे पूर्वज कोण हे सांगत नाही, ते काम डीएनएचे आहे. व्हॉट्सॲपवर या दोन्हींची खिचडी करून पाठवतात आणि आपली मुले ती पुढे ढकलतात.

शुद्धतेचा दावा तर दगडालाही करता येत नाही. ज्यावर महाराष्ट्राचा बहुतेक भाग उभा आहे तो दख्खनचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी प्रावरणातून आलेल्या लाव्हाचा आहे. भूवैज्ञानिकांनी त्याच्या थरांचे स्ट्रॉन्शियम मोजले तेव्हा काही थरांत प्रावरणाला शोभेल असा कमी आकडा मिळाला, तर सह्याद्रीतल्या काही थरांत तो बराच चढलेला होता. कारण वर येताना त्या लाव्हात कवचातला जुना खडक मिसळला. ज्याला आपण अढळ म्हणून 'काळा कातळ' म्हणतो तोही वाटेत मिसळत आलेला आहे.

मग हे विज्ञान आपल्या उपयोगाचे नाही का? आहे, आणि फार आहे. फक्त आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारतो आहोत.

मेक्सिकोतल्या काम्पेचे शहरात स्पॅनिश वसाहतकाळातली एक दफनभूमी सापडली. तिथली जमीन चुनखडीची, म्हणून आकडे कमी. पण काही जणांच्या दातांत विलक्षण मोठे आकडे मिळाले. असे आकडे पश्चिम आफ्रिकेतल्या अतिप्राचीन खडकांच्या प्रदेशाशी जुळतात. २००६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ती माणसे आफ्रिकेत जन्मली होती आणि गुलाम म्हणून समुद्रापार आणली गेली होती. त्यांची नावे आपल्याला कळणार नाहीत. त्यांचे बालपण कुठल्या मातीवर गेले हे मात्र दाताने जपून ठेवले होते.

न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली सरकारी इमारतीच्या खोदकामात गुलाम आफ्रिकनांची दफनभूमी उघडी पडली. चारशेहून अधिक जणांचे अवशेष बाहेर काढले गेले. तिथल्या कृष्णवर्णीय समाजाने आंदोलन केले, की आमच्या पूर्वजांना आम्हाला न विचारता हात लावायचा नाही. अवशेषांचा अभ्यास हॉवर्ड विद्यापीठात, मायकेल ब्लेकी यांच्या नेतृत्वाखाली झाला. आफ्रिकेत जन्मलेले कोण आणि न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले कोण हे शोधायला समस्थानिकही वापरले गेले. पण प्रश्न तेवढाच नव्हता. गुलामीने शरीराचे काय केले, लोकांनी प्रतिकार कसा केला, हेही त्यांनी विचारले. हाडांवर अतिश्रमाच्या खुणा होत्या आणि कोवळ्या वयात गेलेली मुले पुष्कळ होती. २००३ मध्ये त्या सर्वांना सन्मानाने पुन्हा दफन करण्यात आले. प्रश्न कोणी विचारायचे हे त्या समाजाने ठरवून घेतले, म्हणून उत्तरेही वेगळी निघाली.

आता आपल्या गावाकडे बघा. गावातला आड आणि वस्तीतली विहीर एकाच कातळातून पाझरते. चवदार तळ्याचे पाणी ज्यांना खुले होते आणि ज्यांना १९२७ साली त्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या शेतांखाली एकच खडक. स्ट्रॉन्शियमला गावकूस दिसत नाही. ताट मात्र दिसू शकते, ते दुसऱ्या मूलद्रव्यांना. ज्वारी-बाजरी खाणारा आणि तांदूळ-गहू खाणारा यांतला फरक कार्बनच्या समस्थानिकांवरून कळतो, आहारात प्राणिज प्रथिने किती होती हे नायट्रोजनवरून. म्हणजे जन्माने कोण वेगळा होता हे विज्ञान दाखवणार नाही. वेगळे ठेवल्यामुळे शरीरावर काय झाले, हे ते दाखवू शकेल.

बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात त्या काळी उपलब्ध असलेली नाका-डोक्यांची मोजमापे तपासली आणि त्यांच्याच आधारे दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे ठरत नाहीत. ते मापनशास्त्र आज मागे पडले आहे, आणि त्यांनीही त्यावर अट घालूनच विश्वास ठेवला होता. त्याच ग्रंथात त्यांनी पराभूत टोळ्यांतून फुटलेली माणसे गावाच्या कडेला वसली असा सिद्धान्त मांडला, पण तो अंतिम असल्याचा दावा केला नाही. म्हणजे त्यांनी आपल्याला एक तपासण्याजोगी मांडणी दिली. तिला पोथी करणे हा त्यांचा मान नव्हे.

हे सगळे मला इतके महत्त्वाचे का वाटते? कारण माझ्या कामात रोज तेच समोर येते. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबा कामासाठी तीन जिल्हे हिंडले, शाळेत गेलेच नाहीत, कोतवाल बुकात नोंद सापडत नाही. नातू हेलपाटे घालतो. जो आधीपासून इथला त्यालाच हक्क, हा नियम मान्य केला की त्याखाली आधी चिरडले जातात ते स्थलांतर करणारे. ऊसतोड कामगार कोण आहेत? वीटभट्टीवर कोण आहे? 'आम्ही मूळचे म्हणून आमचा हक्क' हे वाक्य आज आपण उच्चारले, तर उद्या तेच वाक्य कोणीतरी आपल्याच माणसाला शहराबाहेर काढायला वापरेल.

त्या मुलाला मी पुढच्या रविवारी सांगितले, की भूविज्ञान शिक, प्रयोगशाळेत जा. आपल्यातले कोणी तिथे नसेल तर आपल्या पूर्वजांच्या हाडांना प्रश्न दुसरेच विचारतील. पण समतेचा दावा दाढेवर ठेवू नकोस. आपला हक्क संविधानाने आपल्याला माणूस आणि नागरिक म्हणून दिला आहे, पहिला आलेला म्हणून नाही.

त्याने विचारले, "मग ताई, माझ्या दातात काय निघेल?"

मी म्हटले, "तुझ्या आईने तुला लहानपणी काय खाऊ घातलं ते."

जयभीम.